वाचकांचे प्रश्न : शिरेतून दिलेल्या मूळपेशींना हाडांची वाट कोण दाखवते?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपीनंतर डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवले आणि माझे एचएलए (पेशींवरील ओळखखुणा) त्याच्याशी पूर्ण जुळल्यामुळे दाता म्हणून माझी निवड झाली. पाच दिवस इंजेक्शने घेतल्यावर यंत्राला जोडून माझ्या रक्तातून पेशी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी ती पिशवी, रक्ताच्या पिशवीसारखीच, भावाच्या छातीतल्या नळीतून तासाभरात आत गेली. त्यानंतर पंधरा दिवस रोज सकाळी रिपोर्ट यायचा आणि पांढऱ्या पेशींचे काउंट शून्याजवळच असायचे. घरातली मोठी माणसे म्हणू लागली, 'हिचे रक्त त्याला लागलेच नाही.' सोळाव्या दिवशी काउंट चढू लागले. भाऊ आता घरी आहे. पण ते पंधरा दिवस माझ्या मनातून जात नाहीत. त्या काळात माझ्या पेशी कुठे होत्या? आणि शिरेत सोडलेल्या पेशी हाडांतच कशा पोहोचल्या?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यामागची टोचणी मला कळते. त्या पंधरा दिवसांत आपल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून सर्व रक्तपेशी बनतात त्या पेशी, भरकटत नव्हत्या. पिशवी रिकामी झाल्यावर काही तासांतच त्यांतील बहुतेक पेशी रक्तप्रवाहातून बाहेर पडल्या होत्या आणि ज्या अस्थिमज्जेत (बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतील रक्त तयार करणारा भाग) पोहोचणार होत्या, त्या एक-दोन दिवसांत तेथे पोहोचल्या होत्या. पुढचे सगळे दिवस कामाचे होते. ते काम हाडांच्या आत चालले असल्यामुळे सकाळच्या रिपोर्टवर दिसत नव्हते, एवढेच.

आता वाटेविषयी. छातीतील नळीचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. तेथून पेशी हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांत जातात, फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत काही काळ अडखळतात, मग हृदयाच्या डाव्या भागातून महाधमनीत येतात आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतात. म्हणजे सुरुवातीला त्यांना कोणतीही दिशा नसते. रक्त जिकडे जाईल तिकडे त्या जातात. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे, स्नायू, सगळीकडून त्यांची फेरी होते. फरक पडतो तो अस्थिमज्जेतल्या रक्तवाहिन्यांपाशी. या वाहिन्या रुंद आणि पातळ भिंतींच्या असतात व त्यांतून रक्त संथ वाहते. त्यांच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने सतत उभी असतात. शरीरात इतरत्र ही प्रथिने प्रामुख्याने सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की दिसू लागतात. मज्जेत मात्र ती एरवीही असतात. मूळपेशीच्या पृष्ठभागावर या सिलेक्टिनला चिकटणारे रेणू असल्यामुळे ती वाहता वाहता भिंतीला हलकेच धरली जाते, सुटते, पुन्हा धरली जाते आणि अशी घरंगळत तिचा वेग कमी होतो.

नुसता वेग कमी होऊन भागत नाही. मज्जेतील काही विशिष्ट पेशी सीएक्ससीएल १२ नावाचे एक छोटे प्रथिन सतत पाझरत असतात आणि मूळपेशीवर ते ओळखणारा सीएक्ससीआर ४ हा ग्राहक (रिसेप्टर) असतो. घरंगळणाऱ्या पेशीला हा संकेत मिळाला की तिच्या पृष्ठभागावरचे व्हीएलए ४ हे प्रथिन आपला आकार बदलते आणि भिंतीवरच्या व्हीकॅम १ या जोडीदाराला घट्ट पकडते. आता ती सुटत नाही. मग ती चपटी होऊन अस्तराच्या दोन पेशींमधून अंग चोरून पलीकडे जाते आणि जिकडे सीएक्ससीएल १२ अधिक, तिकडे सरकत राहते. आपल्या प्रश्नातल्या 'वाट कोण दाखवते' याचे उत्तर द्यायचे तर ती मज्जाच दाखवते. पेशी सगळीकडे जाते, पण तिला थांबवणारे आणि आत घेणारे दार मुख्यतः तेथेच असते.

ही व्यवस्था निसर्गाने प्रत्यारोपणासाठी केलेली नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. गर्भात रक्त आधी प्रामुख्याने यकृतात तयार होते आणि पुढे मूळपेशी तेथून निघून रक्तावाटे हाडांत वस्तीला येतात. ज्या उंदरांत सीएक्ससीएल १२ तयार होत नाही, त्यांच्या गर्भात अस्थिमज्जेत रक्तनिर्मिती नीट सुरूच होत नाही, असे १९९६ साली जपानमध्ये दिसून आले. जन्मानंतरही आपल्या प्रत्येकाच्या मज्जेतून थोड्या मूळपेशी रोज रक्तात उतरतात आणि पुन्हा मज्जेत परततात. आपण दाता म्हणून जी पाच दिवस इंजेक्शने घेतली, त्यांनी हाच धागा सैल केला. जी-सीएसएफ या औषधामुळे मज्जेतील सीएक्ससीएल १२ घटते, पकडून ठेवणाऱ्या प्रथिनांचा भंग होतो आणि एरवी मूठभर असणाऱ्या मूळपेशी मोठ्या संख्येने रक्तात येतात. म्हणून हाताच्या शिरेतून त्या गोळा करता आल्या. ज्यांच्यात या इंजेक्शनाने पुरेशा पेशी निघत नाहीत, अशा काही रुग्णांना प्लेरिक्साफॉर देतात. ते औषध थेट सीएक्ससीआर ४ ला अडवते आणि पेशी मज्जेतून सुटतात. ज्या दोरीने पेशी घरी येते तीच दोरी सोडली की ती घराबाहेर पडते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

शिरेतून दिलेल्या पेशी आपणहून हाडात जातात, हे एके काळी डॉक्टरांनाही पटणे अवघड होते. १९४९ साली अमेरिकेत जेकबसन यांनी दाखवले की प्राणघातक किरणोत्सर्ग देताना उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर उंदीर वाचतो. दोन वर्षांनी लोरेन्झ यांनी मज्जा टोचूनही तेच साधले. पण उंदीर वाचतो तो मज्जेतल्या एखाद्या रसायनामुळे की खुद्द पेशींमुळे, यावर कित्येक वर्षे वाद चालला. तो मिटला १९५६ साली, इंग्लंडमधील हार्वेल येथे. तेथील संशोधकांनी दात्या उंदरांची जात अशी निवडली की तिच्या एका गुणसूत्राचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखू यावा, आणि वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत विभाजन होत असलेल्या पेशी तपासल्यावर त्यांना तेच वेगळे गुणसूत्र दिसले. म्हणजे पेशी स्वतः तेथे जाऊन राहिल्या होत्या. माणसांत शिरेतून मज्जा देण्याचे पहिले प्रयत्न डोनल थॉमस यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. त्या रुग्णांपैकी कोणीही फार काळ जगले नाही, तरी त्यांनी काम सोडले नाही आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले.

मज्जेत शिरलेल्या पेशीला राहायला जागा लागते. १९७८ साली मँचेस्टरच्या रे स्कोफिल्ड यांनी असा विचार मांडला की मूळपेशी मूळपेशी म्हणून टिकते ती ठरावीक जागीच; त्या जागेबाहेर ती प्रौढ होऊन संपते. त्यांनी त्या जागेला जो 'निश' (niche) हा शब्द वापरला, त्याला आपल्याकडे कोनाडा हा अगदी चपखल शब्द आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीत दिवा ठेवायला केलेला कोनाडा जसा भिंतीचाच भाग असतो, तसाच मज्जेतला हा कोनाडा आजूबाजूच्या पेशींनी बनलेला असतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने राहणाऱ्या आणि भरपूर सीएक्ससीएल १२ पाझरणाऱ्या जाळीदार पेशी व वाहिन्यांचे अस्तर मिळून तेथे स्टेम सेल फॅक्टर नावाचे दुसरे प्रथिनही पुरवतात, ज्यावाचून मूळपेशी तग धरत नाही. आपल्या भावाला प्रत्यारोपणापूर्वी जी तीव्र केमोथेरपी दिली, तिची कामे तीन होती : उरलेला कर्करोग मारणे, त्याच्या प्रतिकारशक्तीने आपल्या पेशी नाकारू नयेत म्हणून ती दाबून टाकणे, आणि हे कोनाडे रिकामे करणे.

आता ते पंधरा दिवस. कोनाड्यात बसलेली पेशी लगेच रक्त ओतू लागत नाही. ती आणि तिच्याबरोबर आलेल्या, काहीशा प्रौढ झालेल्या पूर्वज पेशी विभागू लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पिढ्या जातात. त्यांतून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) बनायला आणि तो मज्जेतून बाहेर पडण्याइतका तयार व्हायला दहा दिवसांच्या आसपास लागतात. शिवाय सुरुवातीला बाहेर पडलेले न्यूट्रोफिल रक्तात फार वेळ राहत नाहीत. ते तोंडातील जखमा आणि आतड्याचे सोललेले अस्तर यांकडे धावतात. म्हणून कारखाना चालू होऊनही मोजणीत काही दिवस शून्यच दिसते. भावाच्या तोंडातील फोड काउंट वाढण्याआधी एक-दोन दिवस सुकू लागले होते का, हे आठवून पाहा. रिपोर्ट येण्यापूर्वी वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर अनेकदा तोंड पाहूनच सांगतात की आता काउंट येणार.

पेशी लागल्या असे केव्हा म्हणायचे, याचाही नेम ठरलेला आहे. न्यूट्रोफिलचे प्रमाण दर मायक्रोलीटरला ५०० किंवा अधिक असे सलग तीन दिवस राहिले, की त्यांतील पहिला दिवस हा पेशी लागल्याचा दिवस धरतात. काही प्रयोगशाळा हाच आकडा ०.५ असा छापतात आणि नातेवाईक घाबरतात. एकक वेगळे असते, अर्थ एकच. प्लेटलेटच्या बाबतीत आठवडाभर बाहेरून प्लेटलेट न देता २०,००० टिकावे लागतात. रक्तातून गोळा केलेल्या पेशींना सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांच्या आसपास, हाडातून काढलेल्या मज्जेला तीन आठवड्यांच्या आसपास आणि नाळेतल्या रक्ताला त्याहून अधिक वेळ लागतो. आपला सोळावा दिवस या हिशेबात अगदी रीतसर होता.

भातलावणीनंतर रोपे चार-आठ दिवस पिवळी पडलेली दिसतात आणि शेतकरी म्हणतो, अजून जीव धरायचा आहे. प्रत्यारोपण या शब्दात रोपण आहेच. 'रक्त लागले नाही' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी शब्द बरोबर वापरला, वेळ मात्र चुकली. आणि एक गोष्ट मी स्पष्ट लिहितो : पेशी न लागल्या असत्या तरी त्यात दात्याचा दोष नसता. पेशी न लागण्याची कारणे ठाऊक आहेत : पेशींची संख्या कमी पडणे, रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे असणे, मज्जेत तंतू माजलेले असणे, प्लीहा खूप वाढलेली असणे, विषाणूंचा संसर्ग किंवा काही औषधे. बहिणीची माया कमी पडली, असे कोणत्याही तपासणीत निघत नाही. आपण हे ओझे खाली ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मज्जा हाडात हवी असते, तर पेशी शिरेतून देऊन अर्ध्या वाटेत गमावण्यापेक्षा सुईने सरळ हाडातच का सोडत नाहीत?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि तो संशोधकांनाही पडला. विशेषतः नाळेतल्या रक्तात पेशी मुळात कमी असतात. त्यांतील काही यकृतात, प्लीहेत आणि फुप्फुसांत अडकून वाया जातात, म्हणून त्या थेट कमरेच्या हाडात टोचून पाहिल्या गेल्या. पण हाड म्हणजे बंद डबा नाही. लहान मूल अत्यवस्थ असताना शीर सापडत नसेल तर डॉक्टर नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन देतात आणि ते क्षणात हृदयापर्यंत पोहोचते, इतका मज्जेचा आणि रक्तप्रवाहाचा संबंध मोकळा आहे. हाडात सोडलेल्या पेशींपैकीही बऱ्याचशा अशाच रक्तात निघून जातात आणि तेथून पुन्हा वर सांगितलेल्या वाटेनेच परत येतात. शिवाय प्रौढ माणसात रक्त तयार करणारी मज्जा कमरेचे हाड, मणके, उरोस्थी, फासळ्या, कवटी आणि मांडी व दंडाच्या हाडांची वरची टोके अशी विखुरलेली असते. एका जागी टोचून सगळीकडे वस्ती होण्यासाठी पेशींना अखेर प्रवास करावाच लागतो.

किती पेशी लागतात, याचा अंदाज असावा. मूळपेशी व त्यांच्या जवळच्या पूर्वज पेशींवर सीडी ३४ ही खूण असते आणि रुग्णाच्या दर किलो वजनामागे अशा किमान २० लाख पेशी द्याव्यात असा संकेत आहे. शक्यतो ४० ते ५० लाख देतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ ते ३० कोटी. त्यांतल्या खऱ्या, आयुष्यभर रक्त पुरवू शकणाऱ्या मूळपेशी अगदी थोड्या असतात आणि बाकीच्या पूर्वज पेशी पहिल्या काही आठवड्यांचे काउंट सांभाळतात. पण थोड्या म्हणजे अपुऱ्या नव्हेत. १९९६ साली जपानी संशोधकांनी निवडून घेतलेली एकच मूळपेशी उंदराला दिली आणि काही उंदरांत त्या एका पेशीने दीर्घकाळ सर्व प्रकारचे रक्त तयार केले. वाटेत होणारी गळती मोठी असली तरी घरी पोहोचलेल्यांची क्षमता इतकी आहे, म्हणून शिरेचा साधा मार्गच आजही रूढ आहे.

काही रुग्णांना त्यांच्याच गोठवून ठेवलेल्या पेशी परत देतात, उदाहरणार्थ मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात. तेव्हा खोलीत लसणासारखा उग्र वास येतो आणि तो दिवसभर रुग्णाच्या श्वासाला राहतो. पेशी बर्फाच्या स्फटिकांनी फुटू नयेत म्हणून घातलेल्या डीएमएसओ या द्रावणाचा तो वास असतो. पेशी खराब झाल्याचे ते लक्षण नाही.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर होता. सहा महिन्यांपूर्वी तिच्या मोठ्या भावाच्या पेशी दिल्या. आता रक्त चढवावे लागत नाही. पण ताज्या रिपोर्टवर 'काइमेरिझम ८२ टक्के' असे लिहिले आहे. उरलेले १८ टक्के परत वाढून आजार उलटेल का? तिचा रक्तगट ओ होता, भावाचा बी आहे. तो आता बदलला का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : काइमेरिझम म्हणजे रक्तातील किती पेशी दात्याच्या आणि किती रुग्णाच्या स्वतःच्या, याचा हिशेब. भाऊ-बहिणीच्या डीएनएमध्ये जेथे फरक असतो अशा जागा तपासून तो काढतात. आपल्या मुलीच्या मज्जेत सध्या दोघांच्या मूळपेशी नांदत आहेत, असा या आकड्याचा अर्थ आहे. रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी परतणे ही सावध होण्याची बाब असते, कारण त्यांच्याबरोबर आजार परतलेला असू शकतो. थॅलेसेमियात तसे नाही. येथे रुग्णाच्या मूळपेशी कर्करोगी नसतात. त्यांच्यापासून बनणाऱ्या लाल पेशी सदोष असल्याने त्यांतील पुष्कळशा मज्जेतच नष्ट होतात. त्यामुळे मूळपेशींमध्ये भावाचा वाटा कमी असला तरी रक्तात फिरणाऱ्या लाल पेशींत त्याचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा भरतो. दात्याचा वाटा २० ते ३० टक्क्यांवर स्थिरावलेला असूनही ज्यांना पुन्हा रक्त चढवावे लागले नाही, असे रुग्ण आहेत.

महत्त्वाचा शब्द 'स्थिरावलेला' हा आहे. एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये. ९५, ८८, ८२ असा आकडा उतरत असेल तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी-जास्त करण्याचा किंवा अन्य उपायांचा विचार करतात. ८०, ८३, ८२ असा तो एका जागी खेळत असेल तर बहुधा नुसते लक्ष ठेवतात. म्हणून मागील सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकत्र घेऊन जा आणि औषधे स्वतःहून बंद करू नका.

याच आजाराच्या ज्या मुलांचे प्रत्यारोपण अजून व्हायचे आहे, त्यांच्या पालकांसाठी येथे एक गोष्ट जोडतो. आई-वडील, भावंडे किंवा जवळचे नातेवाईक यांचे रक्त अशा मुलाला चढवू नये. प्रेमापोटी दिलेल्या त्या रक्तामुळे मुलाच्या शरीरात घरच्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिकार तयार होऊ शकतो आणि पुढे त्याच घरातील दात्याच्या मूळपेशी लागणे अवघड होते. रक्तपेढीतून अनोळखी दात्याचे, पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त घ्यावे.

रक्तगटाविषयी : तो बदलतो, पण एका दिवसात नाही. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या ओ गटाच्या आणि मधल्या काळात रक्तपेढीतून दिलेल्या पेशी संपत जातात, भावाच्या मूळपेशींपासून बनलेल्या बी गटाच्या पेशी त्यांची जागा घेतात आणि त्या संक्रमणकाळात तपासणीत दोन्ही गटांच्या पेशी मिसळलेल्या दिसतात. आपल्या मुलीच्या मज्जेत तिच्याही काही मूळपेशी असल्याने थोड्या ओ पेशी पुढेही दिसत राहतील. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, तिला कधी रक्त लागले तर जुन्या कार्डावरचा गट पाहून ते देऊ नये. प्रत्यारोपण केंद्राने लिहून दिलेला गटच ग्राह्य धरावा आणि शाळेच्या ओळखपत्रावरील नोंद त्या केंद्राला विचारून बदलून घ्यावी. केस, नखे आणि कातडी मात्र तिची स्वतःचीच राहतात. प्रत्यारोपणापूर्वीचा तिचा रक्तनमुना गहाळ झाला तर प्रयोगशाळा तिचा मूळ डीएनए मिळवण्यासाठी नखाचा तुकडा मागते, तो त्यामुळेच.